केमो, गाठ आणि आपल्याच पेशींचं राजकारण: तुमचे प्रश्न

सातपूरहून एक ताई: आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, एसी केमोचा (डॉक्सोरूबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या दोन औषधांचा) दुसरा डोस झाला. दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी १,८०० वर आल्या. प्रतिकारशक्तीच गेली तर गाठ आणखी पसरणार नाही का?

ताई, काउंट पडला म्हणून गाठ पसरली असं होत नाही. त्या आकड्यात मोठा वाटा न्यूट्रोफिलचा, त्या जंतूंशी लढतात आणि बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, भराभर तयार होत असतात म्हणून केमोचा फटका त्यांना आधी बसतो, साधारण ७ ते १४ दिवसांत तळ गाठतात आणि मग हळूहळू चढतात. गाठीवर तुटून पडणाऱ्या टी-सेल्स वेगळ्या, त्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट म्हणून एकाच ओळीत येतात, त्यातल्या मारणाऱ्या किती आणि त्यांना थोपवणाऱ्या किती हे त्या कागदावरून कळतच नाही. सध्या थर्मामीटरकडे लक्ष द्या. १००.४ ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन लावा आणि निघा, आधी क्रोसिन देऊन बघू असं करू नका.

निफाडहून: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले गाठ आपल्याच पेशी फितवते. म्हणजे नक्की काय करते?

दादा, लग्नात दोन पार्ट्या भिडल्या की मध्ये पडून मिटवणारी चार माणसं असतात ना, तशा पेशी आपल्या रक्तात असतात, त्यांना रेग्युलेटरी टी-सेल्स किंवा ट्रेग म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखून दाखवल्या, पुढे फॉक्स-पी-३ हा त्यांना चालवणारा जीन मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून सापडला, आणि तिघांना मिळून २०२५ चं नोबेल मिळालं. या पेशी वाईट नाहीत बरं का, हा जीन जन्मतःच बिघडलेल्या बाळांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, आतडी, त्वचा, स्वादुपिंड, काही सोडत नाही.

गाठ लबाड असते. ती रासायनिक निरोप धाडून याच पेशी स्वतःभोवती गोळा करते, मग त्या मारायला आलेल्या टी-सेल्सना 'जाऊ द्या, सोडा' म्हणत गप्प करतात, शिवाय टी-सेल्सना वाढायला लागणारं इंटरल्यूकिन-२ सुद्धा स्वतःच ओढून घेतात. दुसरी खेळी थेट बोन मॅरोत. गाठीच्या सिग्नलमुळे तिथून अर्धवट वाढलेल्या पेशी बाहेर पडतात, त्यांचं नाव एमडीएससी, आणि त्या टी-सेल्सना लागणारं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल संपवून टाकतात. टी-सेल्स समोर हजर असून उपाशी.

गंगापूर रोडवरून फार्मसीची विद्यार्थिनी: सर, केमो या थोपवणाऱ्या पेशी मारतं की वाढवतं? नेटवर दोन्ही वाचलं.

दोन्ही खरंय गं. औषध कुठलं, डोस किती, आणि मोजलं कधी यावर आहे सगळं. सायक्लोफॉस्फामाइड अगदी कमी डोसमध्ये दिलं तर ट्रेग आधी घटतात, जेमसिटाबिन आणि ५-एफयू या केमोच्याच दुसऱ्या औषधांनी उंदरांमध्ये एमडीएससी कमी झालेल्या दिसल्या. पण तेच सायक्लोफॉस्फामाइड मोठ्या डोसमध्ये दिलं की मॅरो आधी रिकामा होतो आणि सावरताना घाईघाईत कच्च्या पेशी बाहेर सोडतो, त्यात एमडीएससीही आल्या. म्हणजे पाचव्या दिवशी रक्त तपासलं तर एक उत्तर, पंधराव्या दिवशी दुसरं. आणि हे वाचून कुणी 'मग आमचाही डोस कमीच करा' म्हणत असेल तर माझं स्पष्ट मत, नको. ब्रेस्ट कॅन्सरच्या एसीसारख्या केमोचा फायदा ठरलेल्या पूर्ण डोसवर सिद्ध झालाय, ट्रेग घटल्या म्हणून पेशंट बरा झाला असं अजून म्हणता येत नाही.

इंदिरानगरहून: काउंट वाढवायचं इंजेक्शन, जी-सीएसएफ, यानेही त्या कच्च्या पेशी वाढतात म्हणे. घेऊ का नको?

शंका रास्त आहे, काही गाठी स्वतःच जी-सीएसएफ सोडतात आणि त्यातूनच मॅरो बिघडवतात. तरी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्याच. काउंट तळाला असताना झालेलं इन्फेक्शन दोन दिवसांत माणूस नेऊ शकतं, हा धोका आजचा आहे, कच्च्या पेशींचा हिशोब बराचसा अजून लॅबमध्येच चाललाय.

पंचवटीतून एक काकू: शेजारच्या वहिनी रोज गुळवेलीचा काढा आणून देतात, इम्युनिटी वाढते म्हणून. केमो चालू असताना चालेल का? आणि द्राक्षं खाल्ली तर?

काकू, वहिनींना चहा पाजा, काढा राहू द्या. इम्युनिटी म्हणजे एकच नळ नाही सोडून द्यायला, त्यात मारणाऱ्या पेशीही आल्या आणि थोपवणाऱ्याही, काढा नेमकं कुणाला वाढवणार ते कुणालाच ठाऊक नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आणि केमोच्या बऱ्याच औषधांचा निचरा लिव्हरमधूनच होतो. आतापर्यंत घेतला असेल तर पुढच्या ओपीडीत सांगून टाका, कुणी रागावणार नाही, लिव्हरची टेस्ट करून घेतील एवढंच. आणि द्राक्षांचं विचारलंय, तर ती वाहत्या पाण्याखाली नीट धुवून खा, काउंट फारच खाली असेल त्या आठवड्यात मात्र आधी डॉक्टरांना विचारा.