तीनशे कॅलरीचा डबा
वाचकांचे प्रश्न : वजन, फ्रीझर आणि मायक्रोवेव्ह

प्रश्न : मी नागपूरच्या मिहानमध्ये दुसऱ्या पाळीत काम करते. मनीषनगरला घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा होतात, मग स्वयंपाकाचं त्राण उरत नाही. दोन महिन्यांपासून दुपारी आणि रात्री ‘फिट’, ‘लाइट’ असं लिहिलेला फ्रोझन भात-ग्रेव्हीचा डबा गरम करून खाते. पाकिटावर ११० कॅलरी लिहिलंय. वजन आधी भराभर उतरलं, आता काटा हलत नाही. शिवाय रात्री बाराला भूक लागते ती वेगळीच. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी पाकीट उलटं करा. ११० हा आकडा बहुतेक वेळा १०० ग्रॅमचा असतो, अख्ख्या डब्याचा नसतो. आपल्याकडच्या लेबलवर पोषणमूल्यं १०० ग्रॅमच्या हिशेबानं छापतात, म्हणून निव्वळ वजनानं गुणायचं काम तुमच्याकडे राहतं. उदाहरणार्थ, २८० ग्रॅमच्या डब्यावर १०० ग्रॅममागे ऊर्जा ११० किलोकॅलरी (बोलताना हिलाच आपण कॅलरी म्हणतो), प्रथिनं ४.२ ग्रॅम आणि सोडियम २९० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर तुमच्या पोटात ३०८ कॅलरी, जेमतेम १२ ग्रॅम प्रथिनं आणि ८१२ मिलिग्रॅम सोडियम जातं. पाकिटात ‘२ सर्व्हिंग’ आहेत असं बारीक अक्षरात असेल तर तेही बघा. अर्धा डबा खाऊन उरलेला झाकून ठेवणारा माणूस विरळाच.

‘फिट’, ‘लाइट’, ‘बॅलन्स्ड’ या शब्दांना फार मान देऊ नका. पाकिटावरच्या दाव्यांबद्दलच्या एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाला ‘कमी कॅलरीचा’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये ४० किलोकॅलरीपेक्षा जास्त ऊर्जा चालत नाही. भात आणि ग्रेव्ही एकत्र आले की हा आकडा गाठणं जवळपास अशक्य, मग पाकिटावर असे मोघम शब्द येतात.

तरीही ३०८ कॅलरी जास्त नाहीत. अडचण उलटी आहे, हे जेवणच अपुरं आहे. ७० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५८ ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम). दोन डब्यांतून त्यातली २४ मिळाली, तर उरलेली ३४ नाश्त्यातून आणि चहाच्या वेळेतून यायला हवीत. पोह्यांतून ती येत नाहीत, तर्री घेतली तरी. भाजीही डब्यात दोन-तीन चमचेच असते. म्हणून दोन तासांत पोट रिकामं वाटतं, हात चिवड्याच्या डब्यात जातो आणि ४० ग्रॅम चिवड्याच्या सुमारे २०० कॅलरी वरून येतात. काटा थांबतो तो बहुधा इथे.

डबा दिवसातून एकदाच ठेवा, आणि तो मायक्रोवेव्हमध्ये फिरत असताना ताट भरा : २०० ग्रॅम काकडी-टमाटर-गाजर (जवळपास ५० कॅलरी) आणि सोबत २ उकडलेली अंडी (सुमारे १५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं). अंडी चालत नसतील तर १५० ग्रॅम घट्ट दही आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे. प्रथिनं तेवढीच होतील. कोशिंबीर आधी, डबा नंतर. एकूण ५०० च्या आसपास कॅलरी होतात आणि बाराची भूक टळते. गोड हवंच असेल तर हंगामात एक संत्रं, सुमारे ६० कॅलरी. दुपारचा डबा मात्र घरचाच न्या; तो कसा करायचा हे पुढे एका उत्तरात आहे.

सुरुवातीला भराभर उतरलं त्यात चरबी थोडी, पाणीच जास्त होतं. आहारातला पिष्टमय भाग घटला की त्याच्यासोबत शरीरात साठलेलं पाणीही जातं. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. रोज ५०० ची तूट पडली तर आठवड्याला अर्धा किलो, तेही सुरुवातीला. वजन घटतं तशी शरीराची गरजही घटते. खारट डबा खाल्ल्याच्या दुसऱ्या सकाळी काटा अर्धा-एक किलो वर गेला तर ते पाणी आहे. रोज सकाळी वजन करून सात दिवसांची सरासरी लिहा आणि सरासरीच बघा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत एकटा राहतो. वजन कमी करायचं म्हणून रोज दोन वेळा तिकडचे ‘लीन’ डबे खातो. त्याच्या वडिलांना रक्तदाब आहे म्हणून मला मिठाची धास्ती वाटते. (धरमपेठ)

उत्तर : तिकडे हा प्रकार जुना आहे. ‘लीन क्विझिन’ हे डबे १९८१ मध्ये बाजारात आले, तेच ३०० कॅलरींच्या आतलं जेवण म्हणून. ताटाचं माप कुणीतरी आधीच करून ठेवलंय, हा त्यांचा खरा फायदा. ज्याला घरी वाढून घेताना अंदाज राहत नाही त्याला तो होतो.

मुलाला लेबलवर ‘सोडियम’ची ओळ बघायला सांगा. अशा डब्यांत ५०० ते ७०० मिलिग्रॅम सहज असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. शेजारचा टक्का तिकडे दिवसाला २,३०० मिलिग्रॅमची मर्यादा धरून काढतात. आपल्या लेबलवर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात मर्यादा २,००० ची आहे. त्यामुळे तिकडचा टक्का थोडा सौम्य दिसतो. ५ टक्के किंवा कमी म्हणजे कमी, २० टक्के किंवा जास्त म्हणजे जास्त, असा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा ढोबळ ठोकताळा आहे. दोन डब्यांचं मिळून १,२०० झालं, तर लोणचं, पापड, सॉस आणि ब्रेड यांना त्या दिवशी फारशी जागा उरत नाही. ब्रेडमध्ये मीठ असतं हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कॅलरीच्या आकड्यातही सूट आहे : प्रत्यक्षातल्या कॅलरी छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी तिथल्या नियमात बसतात. ३०० लिहिलेल्या डब्याला हिशेबात ३३०-३४० धरलेलं बरं.

त्याला एक सोपी गोष्ट सांगा. साध्या फ्रोझन भाज्यांची पिशवी घ्यायची, मीठ-सॉस नसलेली, आणि डब्यात दोन वाट्या भाजी मिसळायची. कॅलरी शंभरच्या आतच वाढतात, पोट भरतं आणि खारटपणा विरळ होतो. वरून लिंबू पिळायचं, मीठ घालायचं नाही. वडिलांचा रक्तदाब लक्षात घेता त्यानं स्वतःचाही वर्षातून एकदा मोजून घ्यावा.

प्रश्न : पाकिटावर ५ मिनिटं लिहिलेलं असतं. तेवढंच ठेवतो, तरी कडा करपतात आणि मधे बर्फ राहतो. मायक्रोवेव्ह बिघडलाय का? (नंदनवन)

उत्तर : बहुतेक वेळा नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्यात चांगल्या शोषल्या जातात, बर्फात फारच कमी. कडेचा बर्फ आधी वितळला की तिथलं पाणी लहरी ओढून घेतं, आणखी तापतं, आणखी ओढतं. मधला गोळा तसाच थंड राहतो. त्यात लहरी आत शिरतात त्याही दोन-तीन सेंटिमीटरच.

म्हणून दोन टप्प्यांत करा. झाकणाचं प्लॅस्टिक काट्यानं चार ठिकाणी टोचा, ५० टक्के पॉवरवर ४ मिनिटं ठेवा. काढून गोळा फोडा, मधला भाग कडेला आणि कडेचा मधे आणा. काचेच्या पसरट ताटलीत काढून मधे खळगा ठेवला तर उत्तमच. मग पूर्ण पॉवरवर अडीच-तीन मिनिटं, आणि बाहेर काढून झाकून २ मिनिटं. ही शेवटची दोन मिनिटं लोक खातात, पण उष्णता आत पसरते ती तेव्हाच. मधोमध ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. थर्मामीटर नसेल तर मधला घास वाफाळता आहे का ते बघा. कडेच्या वाफेवर विश्वास ठेवू नका. चिकनच्या डब्याला तर हे अजिबात टाळता येणार नाही.

आता वेळेचं गणित. पाकिटावरची ५ मिनिटं समजा ८०० वॅटसाठी असतील आणि तुमचा ओव्हन ७०० चा असेल, तर ५ गुणिले ८०० भागिले ७००, म्हणजे पावणेसहा मिनिटं. ओव्हनची खरी ताकद घरीच कळते : काचेच्या भांड्यात १ लिटर साधं पाणी, तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर २ मिनिटं, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा. २० अंश वाढले तर सुमारे ७०० वॅट. उन्हाळ्याच्या दुपारी वस्तीतले सगळे कूलर-एसी सुरू असताना व्होल्टेज पडतं, तेव्हा साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनची ताकदही घटते. तोच डबा रात्री नीट आणि दुपारी कच्चा, असं होत असेल तर कारण हेच.

कन्व्हेक्शनचा (गरम हवेनं भाजणाराही) ओव्हन असेल तर बटण ‘मायक्रो’वर आहे ना, तेवढं नक्की बघा. कन्व्हेक्शनवर प्लॅस्टिकचा डबा वितळतो. डब्यावर मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याचं लिहिलेलं नसेल तर काचेच्या भांड्यात काढा. ॲल्युमिनियमचा ट्रे आत ठेवूच नका.

प्रश्न : बर्डीवरून हिंगण्यापर्यंत स्कूटरनं आणेस्तोवर मे महिन्यात पाकीट घाम सोडतं. परत फ्रीझरमध्ये टाकलं तर चालतं? वीज जाते तेव्हा काय करायचं?

उत्तर : आत बर्फाचे खडे जाणवत असतील आणि पाकीट फ्रिजइतकं थंड (५ अंशांच्या आत) असेल, तर टाका, चव-पोत थोडा बिघडेल. पूर्ण मऊ पडून तासभर उन्हात राहिलं असेल तर टाकून द्या, वास येवो न येवो. फ्रोझन सामान सगळ्यात शेवटी घ्या, थर्माकोलच्या किंवा चांदीच्या अस्तराच्या पिशवीत सगळं एकमेकांना चिकटवून भरा, वर वर्तमानपत्राच्या घड्या. दुकानातच पाकिटात बर्फाचा चुरा खुळखुळत असेल तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे, घेऊ नका.

पाकिटावरची तारीख उणे १८ अंशांसाठी असते. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा सहसा तितका थंड नसतो. (फ्रिजवरचे तारे विजेच्या बचतीचे आहेत, थंडाव्याचे नाहीत.) आइस्क्रीम तुमच्या कप्प्यात मऊ राहत असेल तर डबे दोन-चार दिवसांत संपवा. वीज गेली की दार उघडू नका. फ्रीझरमध्ये एका कपात पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. बाहेरगावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं हे कळतं.

प्रश्न : असे डबे घरीच करून ठेवता येतात का? आणि सावजी रस्सा गोठवता येईल का? (सक्करदरा)

उत्तर : येतात, आणि विकतच्यापेक्षा पोटभर होतात. गोठवायला खिचडी सगळ्यात सोयीची, कारण गरम केल्यावर ती कोरडी पडत नाही.

चार डब्यांसाठी : तांदूळ १२० ग्रॅम, मूगडाळ १६० ग्रॅम, सोयाबीन वड्या ६० ग्रॅम, गाजर, फरसबी आणि मटार प्रत्येकी २०० ग्रॅम, तेल ४ छोटे चमचे, मीठ सपाट पाऊण छोटा चमचा, पाणी सुमारे १ लिटर. जिरं, हिंग, हळद, आलं नेहमीसारखं; लवंग-मिरी निम्मी, गोठवल्यावर त्यांचा उग्रपणा वाढतो. वड्या गरम पाण्यात १० मिनिटं भिजवून घट्ट पिळा. फोडणीत तांदूळ, डाळ, गाजर, वड्या टाकून ३ शिट्ट्या. फरसबी आणि मटार कुकर उघडल्यावर घालून ५ मिनिटं उकळा, नाहीतर गरम करताना त्यांचा लगदा होतो. पूर्ण खिचडी तोला, चार भाग करा. प्रत्येक डबा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, सुमारे ४०० कॅलरी, २४ ग्रॅम प्रथिनं, आणि वरून घातलेलं मीठ जेमतेम १ ग्रॅम.

नागपूरच्या उन्हाळ्यात घोळ होतो तो थंड करताना. कुकरमध्ये झाकून ठेवलेली खिचडी तासन् तास कोमट राहते आणि भातातले जंतू त्या वेळात वाढतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. खिचडी परातीत पसरा, परात बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवा, वर पंखा. अर्ध्या तासात डब्यात भरा, थर ४ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, वर बोटभर जागा रिकामी. तासाभराच्या आत फ्रीझरमध्ये. एका वेळी चारच डबे टाका, जास्त गरम सामान एकदम गेलं की शेजारचंही वितळतं. स्टीलच्या डब्यात लवकर गोठतं, पण गरम करताना काचेच्या भांड्यात काढायला विसरू नका. तारीख लिहा, महिन्याभरात संपवा. वरून सांबार (कोथिंबीर) चिरून घालायचा तो गरम केल्यावर.

आलूच्या फोडी गोठवू नका, भुसभुशीत होतात. दह्याची कढी फाटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो.

सावजी रस्सा गोठतो चांगला. आधी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा आणि वर आलेली तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, पळीनं काढा. एका मोठ्या चमच्याला सुमारे १२० कॅलरी कमी होतात. सगळी काढाल तर तो सावजी राहणार नाही, हे मात्र तुम्हीच ठरवा.

प्रश्न : ६२ वर्षांच्या बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. त्यांना रात्री हे डबे दिले तर?

उत्तर : त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इन्सुलिनचा किंवा काही गोळ्यांचा डोस नेहमीच्या जेवणाच्या मापानं ठरलेला असतो. जेवण एकदम ३०० कॅलरींवर आणलं तर रात्री साखर खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या डब्यातही पोटॅशियमचं मीठ आहे का, ते घटकांच्या यादीत तपासा.

प्रश्न : किराणा दुकानात फ्रीझरबाहेर ठेवलेली राजमा-डाळीची पाकिटं मिळतात, तीही हीच का?

उत्तर : नाही. ती पाकीटबंद करून १२१ अंशांच्या आसपास तापवलेली असतात, म्हणून न गोठवता टिकतात. बर्डीवरून आणताना त्यांची काळजी नाही. कॅलरी आणि सोडियमचा हिशेब मात्र तोच, १०० ग्रॅमच्या आकड्याला पाकिटाच्या वजनानं गुणायचं, आणि फुगलेलं पाकीट उघडायचंसुद्धा नाही.