ओरखडा पुसू नकोस

वाचकांचे प्रश्न : बीट्स, मिक्सिंग आणि बाकी सगळं

प्रश्न : दादा, मी मिरजेची, घरी लॅपटॉपवर बीट्स करते. आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताची एक ७८ची तबकडी सापडली, ओळखीच्या काकांकडून ती कॉम्प्युटरवर घेतली. त्यातली एक तान लूप करायचीय, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवायचीय, पण ती कुठल्याच बीपीएमवर (मिनिटाला किती ठोके तो वेग) बसत नाही, कधी पुढे पळते कधी मागे राहते. त्यात तबकडीवर आडवा ओरखडा, सारखं टक टक टक. नॉइज रिमूव्हल मारलं तर गाणं पाण्यात बुडाल्यासारखं वाजतं. दुसरं सॅम्पल (रेकॉर्डमधून कापून वापरायचा तुकडा) शोधू का?

उत्तर : अगं थांब, शोधायचं कशाला! लोक पैसे मोजून तबकडीची खरखर घालणारं क्रॅकलचं प्लगइन घेतात आणि तू घरचा फुकटचा पुसत बसलीयेस. आधी ती टक टक मोज बरं. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते, ओरखडा एकच असेल तर सुई दर फेऱ्याला एकदा त्याच्यावरून जाणार, म्हणजे मिनिटाला ७८ टक. झाला की तुझा बीपीएम! प्रोजेक्ट ७८वर लाव (काकांच्या प्लेअरचा स्पीड जरा इकडेतिकडे असेल तर ७७ किंवा ७९ निघेल, कानाने जुळव) आणि पहिली किक (ड्रमचा जाड ठोका) बरोबर त्या टकवर ठेव.

तान बसत नाही कारण गाणारा काही क्लिकचे मोजके ठोके ऐकत गात नव्हता, तबलजी त्याच्या अंदाजाने पुढेमागे होणार, आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळायची त्यामुळे सगळी घाईच. ती ताणून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सरळ मात्रांवर, बसवलीस तर बसेल, पण मग त्यात गाणं उरणार नाही. मी म्हणेन तान सोड. दोन ओळींच्या मध्ये ऑर्गन एकटा किती वेळ वाजतो ते बघ, तबल्याची एक सुटी थाप काढ, गायकाने तान घ्यायच्या आधी ओढलेला श्वास ऐकू येत असेल तर तोही काप आणि हे सगळं पॅडवर टाकून हाताने वाजव, क्वांटाइझ न करता, म्हणजे ठोके मशीनकडून सरळ करून न घेता. मग टाइमस्ट्रेच (सूर बदलला तरी वेग तोच ठेवणारी सोय) बंद ठेवून सगळंच चार सेमीटोन, म्हणजे पेटीच्या चार पट्ट्या, खाली घे. वेगही उतरेल, ७८चा साधारण ६२ होईल, टक टक पण जाड होऊन लाकडावर मारल्यासारखी येईल आणि ऑर्गनचा नूरच बदलेल.

हे असलं चुकून सापडणं या धंद्यात पहिल्यापासून आहे. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर नावाचा इंजिनियर तबकड्यांवरच काम करायचा. आपण ज्याला पिन अडकली म्हणतो ना, तशी तबकडीची खाच गोल बंद करून त्याने एकच तुकडा फिरत ठेवला, घंटेच्या आवाजाचा सुरुवातीचा ठोका कापला तर ती घंटा वाटेचना. सॅम्पलिंगची अर्धी अक्कल तिथेच आली. पुढे १९८७मध्ये एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं मशीन) आलं, त्यात जागा जेमतेम १० सेकंदांची. मग हिपहॉपवाले मिनिटाला ३३ फेऱ्यांचा रेकॉर्ड ४५वर वाजवून घ्यायचे आणि मशीनमध्ये परत खाली उतरवायचे, जागा वाचायची आणि आवाज खरखरीत व्हायचा. जुगाड जागेसाठी केलेला, पण लोक पडले त्या खरखरीच्या प्रेमात. तुझ्याकडे एलपी असती तर ओरखडा मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश वेळा वाजला असता, त्याची चौपट १३३, म्हणजे सरळ टेक्नोचा नाचाचा वेगच!

प्रश्न : जुनं गाणं सॅम्पल करून रिलीज केलं तर केस होते का? किती जुनं चालतं?

उत्तर : होऊ शकते, तुम्ही अमेरिकेत असलात तरी. तिथल्या डीजे क्विक नावाच्या संगीतकाराने सकाळी टीव्हीवर लागलेल्या हिंदी सिनेमातलं गाणं ऐकलं, व्हीसीआरवर उतरवून घेतलं आणि त्यावर २००२ला ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं हिट गाणं केलं. मूळ गाणं १९८१च्या ‘ज्योती’मधलं, संगीत बप्पी लाहिरींचं, आणि रेकॉर्डवर त्यांचं नावच नाही. २००३मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने नाव घातल्याशिवाय विकायला बंदी केली. कान चांगला असून भागत नाही, विचारावं लागतं.

भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण चाल आणि शब्द यांचा हिशोब वेगळा, तिथे करणारा गेल्यानंतर ६० वर्षं. गोविंदराव टेंबे १९५५ला गेले, त्यांच्या चाली मोकळ्या झाल्या. मास्टर कृष्णराव १९७४ला गेले, म्हणजे त्यांची चाल असलेली १९३०च्या सुमाराची तबकडी रेकॉर्डिंग म्हणून मोकळी असली तरी चालीवर २०३४ संपेपर्यंत हक्क आहे. तेव्हा लेबलवर संगीतकाराचं नाव आधी वाचा. परदेशात रिलीज करणार असाल तर तिथले नियम वेगळे, ते वकिलालाच विचारा.