दोन सनदा असलेल्या ज्युनिअरला

प्रिय ज्युनिअर,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा ‘हॅलो’वरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. तुझं ऑफिस मॅनहॅटनला, वकिलीची सनद न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडची. अशिलाची कंपनी न्यू जर्सीतल्या एडिसनला, आणि त्याने कॅलिफोर्नियातल्या गुंतवणूकदाराला पाठवलेला ताळेबंद खोटा आहे हे तुला त्याच संध्याकाळी समजलं. “सर, बोलले तर सनद जाईल आणि गप्प बसले तरी जाईल,” म्हणालीस. तेव्हा मी एवढंच सांगितलं, की आज रात्री कुणालाही मेल पाठवू नकोस. बाकीचं आता लिहितो.

तुझी भीती अनाठायी नाही. न्यू जर्सीच्या वकिली आचारनियमांतला नियम १.६ सांगतो, की अशिलाच्या होऊ घातलेल्या गुन्ह्यामुळे किंवा फसवणुकीमुळे कुणाचा जीव जाण्याची, गंभीर इजा होण्याची किंवा मोठं आर्थिक नुकसान होण्याची शक्यता तुला रास्तपणे वाटत असेल, तर ते रोखण्यासाठी संबंधित अधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे. न्यू यॉर्कमध्ये अशिलाचा गुन्हा रोखण्यासाठी सांगायची मुभा आहे, सक्ती नाही. कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक कायद्याचं कलम ६०६८ म्हणतं, वकिलाने स्वतःवर वाटेल ते संकट ओढवलं तरी अशिलाचं गुपित जपावं. तिथे मुभा आहे ती जीव वाचवायला किंवा गंभीर शारीरिक इजा टाळायला, पैशाच्या फसवणुकीला नाही. ताळेबंद एकच, पण एक राज्य म्हणतं सांग, दुसरं म्हणतं तुझं तू ठरव, तिसरं म्हणतं तोंड उघडू नकोस.

मला हे पचायला फार वेळ लागला. मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात उभा राहायचो तेव्हा सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची होती. १९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे एका वेळी दोन राज्यांच्या यादीत नाव ठेवताच येत नाही, आणि आचरणाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, नागपूरच्या वकिलाला जे तेच पणजीच्या वकिलाला. इथे प्रत्येक राज्याचं घर वेगळं आणि चूलही वेगळी.

यावरचा उतारा म्हणजे अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेच्या आदर्श नियमांतला नियम ८.५. राज्यं आपापले नियम यावरूनच बेततात. प्रकरण कोर्टात असेल तर कोर्ट जिथे बसतं तिथले नियम. बाकी कामात, तू जिथे वागलीस तिथले. पण वागण्याचा मुख्य परिणाम दुसऱ्या राज्यात होणार असेल, तर त्या राज्याचे. आणि त्याच्याच पुढचं वाक्य तोंडपाठ कर: मुख्य परिणाम जिथे होईल असं वकिलाला रास्तपणे वाटतं, तिथल्या नियमांप्रमाणे तो वागला असेल, तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. पुढे एखाद्या समितीला वाटलं की राज्य ओळखण्यात तुझी चूक झाली, तरी हे वाक्य तुझ्या पाठीशी उभं राहतं.

न्यू यॉर्कने मात्र हे वाक्य घेतलेलं नाही. तिथला हिशेब असा, की दोन सनदा असतील तर जिथे मुख्यतः वकिली करतेस तिथले नियम. परिणाम स्पष्टपणे तुझ्या दुसऱ्या सनदेच्या राज्यात होत असेल, तर तिथले. म्हणजे कॅलिफोर्निया या हिशेबात येतच नाही, कारण तिथली सनद तुझ्याकडे नाही. ते वाक्य न्यू यॉर्कने घ्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. प्रामाणिकपणे विचार करून चुकलेल्या वकिलाला आणि नियम खिशात घालून फिरणाऱ्याला एकाच तागडीत तोलणं हा अन्याय आहे.

मुख्य परिणाम कुठे, हे कसं ठरवायचं? मार्च २०२३मध्ये बार असोसिएशनने मत क्रमांक ५०४ दिलं, ते आजच वाच. अशील कुठला, व्यवहार कुठे होणार, त्याला कुठला कायदा लागू, तुझं मुख्य ऑफिस कुठे, सनद कुठली, समोरचा पक्ष कुठे, आणि तुझ्या वागण्याशी कुठल्या राज्याचा सर्वाधिक संबंध, हे सगळं त्यात बघायला सांगितलंय. पैसा अजून हातात पडलेला नाही, कंपनी एडिसनची आणि कागदही तिथेच तयार झाले, म्हणून माझा कौल जर्सीकडे जातो. पण हे माझं मत झालं. समितीपुढे तुझं लागेल, आणि ते आजच्या तारखेचं लागेल.

हे मी अनुभवाने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याविरुद्ध तक्रार झाली होती, अशिलाचं गुपित फोडल्याची. एका गोदामाची विक्री होती. एका राज्याचा नियम मला बोलायला लावत होता आणि दुसरा बोलू देत नव्हता. चौकशी अकरा महिने चालली. त्या काळात विम्याच्या फॉर्मवर ‘आपल्याविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिताना हात जड व्हायचा. ही घरी बोलून दाखवायची नाही, पण रात्री उठून बसायची. शेवटी फाईलमधून पिवळ्या लीगल पॅडचं अर्धं पान निघालं. तारीख, वेळ, गोदाम कुठे, अशील कुठला, कुठले दोन नियम वाचले, कुणाचा सल्ला घेतला, काय ठरवलं आणि का. खाली सही. कोपऱ्यात चहाचा डाग. चौकशी करणाऱ्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि झेरॉक्स मागितली. महिन्याभरात तक्रार निकाली निघाली.

तक्रार एका राज्यापुरती राहत नाही, हेही लक्षात ठेव. एकीकडे शिक्षा झाली की जर्सीला ती आपणहून कळवावी लागते, आणि दुसरं राज्य सहसा तीच शिक्षा देतं. परस्परविरोधी नियमांवर दोन राज्यांनी एकाच वकिलामागे लागू नये, असं ८.५च्या टिपणीत आहे. पण ती टिपणी आहे, हुकूम नव्हे.

तू आणखी एक विचारलंस, की जिथे राज्यांचे कायदेच एकमेकांच्या उरावर बसतात तिथे काय? तिथे ८.५ पुरत नाही. तो वकिलीच्या नियमांपुरता आहे, फौजदारी किंवा दिवाणी कायद्यापासून वाचवत नाही. टेक्सासच्या सप्टेंबर २०२१च्या गर्भपातबंदीच्या कायद्यात मदत करणाऱ्यावर कुणीही दावा लावू शकतं, किमान दहा हजार डॉलर्सचा. जून २०२२मध्ये डॉब्स खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि ही दरी देशभर रुंदावली. कनेक्टिकटपासून सुरुवात होऊन काही राज्यांनी परराज्यातल्या कारवाईपासून वाचवणारे ढालीसारखे कायदे केले. पण वकिलाची सनद साधारणपणे विधिमंडळाच्या नाही, कोर्टाच्या हातात असते. जर्सीत तर राज्यघटनेनेच ती तिथल्या सुप्रीम कोर्टाकडे दिली आहे. त्यामुळे डॉक्टरला मिळालेली ढाल वकिलाला आपोआप मिळेल असं धरून चालू नकोस.

कोर्टाने मनावर घेतलं तर काय होतं, ते कोलोरॅडोत बघ. गांजा तिथे कायदेशीर आणि केंद्राच्या कायद्याने गुन्हा, त्यामुळे दुकानाचा भाडेकरार करून देणारा वकीलही अडचणीत. २०१४च्या मार्चमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नियम १.२ला, म्हणजे अशिलाच्या गुन्ह्यात मदत करू नये सांगणाऱ्या नियमाला, टिपणी जोडली, की राज्याच्या कायद्यात बसणाऱ्या कामात वकील मदत करू शकतो, फक्त केंद्राचा कायदा काय म्हणतो हेही अशिलाला सांगायचं. पुढे जर्सीनेही नियमात तशीच सोय केली. राज्याराज्यांतल्या भांडणातही कोर्टांनी इतकंच स्पष्ट लिहावं, म्हणजे गरजू अशिलाला ‘माझी सनद जाईल’ म्हणून परत पाठवायची वेळ तुझ्यासारखीवर येणार नाही.

आता तुझी फाईल. आधी अशिलाला समोर बसव, फोनवर नको. ताळेबंद त्यानेच मागे घ्यावा असं स्पष्ट सांग आणि त्यासाठी मुदत दे. त्याआधी जर्सीच्या एथिक्स हॉटलाइनला फोन कर, अशिलाचं नाव न घेता. आपण नियम पाळतोय ना, यासाठी कायदेशीर सल्ला घ्यायची मुभा न्यू यॉर्कच्या नियमातच आहे. अशील ऐकत नसेल तर वकीलपत्र कसं सोडायचं आणि कसं कळवायचं, ते आपण दोघं बसून ठरवू.

पण उद्या सकाळी फोन करशील तो ते अर्धं पान लिहून झाल्यावर. दहाला मी ऑफिसात असेन. पान समोर ठेव आणि वाचून दाखव.

तुझे,
सर