घरी तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या मुलांचं मराठी सुधारायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत तुम्ही नुकत्याच रुजू झालात. तिसरीतली बरीच मुलं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात. 'आई आलं', 'मी भाकरी खाल्लो' हे कसं सुधारायचं, आणि पालकांना घरी मराठीच बोला म्हणून सांगायचं का?

मॅडम, लाल पेन उचलण्याआधी आठवडाभर नुसतं ऐका, आणि ऐकलेलं वहीत टिपून ठेवा. मी याच भागात अठरा वर्षं शिकवतोय. सुरुवातीला मी हे केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. एक मुलगी रोज 'आई आलं' म्हणायची. मी सगळ्या वर्गासमोर दर वेळी 'आली म्हण, आली' म्हणून तिला दामटायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बोलेनाशीच झाली. हजेरीलाही नुसता हात वर.

शेजारी एक विणकर काका राहायचे. त्यांच्याकडून थोडं तेलुगू शिकलो तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत एकवचनी पुरुषाचं क्रियापद वेगळं. बाई असो की वस्तू, दोन्हींचं एकच. 'अम्मा वच्चिंदि' (आई आली), 'बस्सु वच्चिंदि' (बस आली). म्हणजे ती पोरगी घरचा नियम चोख पाळत होती. कन्नडमध्ये बाईला स्वतंत्र रूप आहे, म्हणून कन्नड घरातलं पोर 'आई आली' बरोबर म्हणतं, पण 'पाटी फुटलं', 'भिंत पडलं' असं बोलून जातं, कारण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. 'मी भाकरी खाल्लो' मात्र दोन्हींकडचं. त्या भाषांत क्रियापद कर्त्यामागे जातं, कर्मामागे कधीच नाही. चूक नीट ऐकली की पुढच्या तासाला काय शिकवायचं ते कळतं.

'मी जेवायलोय', 'काय करायलास बे' हे यात धरू नका. ही आपली सोलापूरची मराठी आहे, मराठी घरांतली पोरंही तीच बोलतात. पेपरात 'जेवतोय' लिहायचं एवढं सांगा आणि बोलताना टोकू नका.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात कुपवाडला गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी असंच ऐकण्याचं काम केलं. ते १९७१ साली छापून आलं. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशेजारी नांदल्या, आणि त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. शब्द मात्र ज्याचे त्याने जपले, कारण ते घरचे. आपल्याकडच्या दखनी उर्दूतला 'नक्को' ऐका, तो मराठी 'नको'च आहे. इतक्या सरमिसळीत वाढलेल्या पोराला 'तुझी भाषा अशुद्ध' म्हणणं मला पटत नाही.

पालकांना घरची भाषा सोडा असं अजिबात सांगू नका. विड्या वळता वळता आई पोराशी तेलुगूत जे बोलते, आजी गोष्टी सांगते, त्यातूनच ते पोर कारण सांगायला, क्रम लावायला शिकतं. ते बंद केलं तर त्याच्या जागी येणार ती आईची अडखळती मराठी. राज्यघटनेत १९५६ साली घातलेलं ३५०क कलमही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असंच सांगतं.

त्या मुलीचं पुढं असं झालं. 'आपण' आणि 'आम्ही' शिकवत होतो. हिंदीत दोन्हीला 'हम'च, पण तेलुगूत 'मनम' आणि 'मेमु' असा अगदी हाच फरक आहे. मी तिला फळ्याजवळ बोलावून विचारलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मनम म्हणजे तुम्ही पण, सर. मेमु म्हणजे तुम्ही नाही." सगळ्या वर्गाला कळलं. तिथंच मी फळ्यावर 'वच्चिंदि' लिहिलं, त्याखाली 'आला', 'आली', 'आलं' अशा तीन चौकटी काढल्या, आणि कोणता शब्द कुठल्या चौकटीत जातो ते तिलाच भरायला सांगितलं. 'बस' तिने 'आलं'च्या चौकटीत टाकली, 'आई' मात्र थोडं थांबून 'आली'च्या.