ट्रॉम्सोला फिजिक्समध्ये पीएचडी: विषयाआधी डेटा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालंय, पायथन येतं, रिमोट सेन्सिंग, स्पेस प्लाझ्मा, क्लायमेट आणि मशीन लर्निंग या सगळ्यांत रस आहे. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात हे चारही विषय एकाच छपराखाली दिसतात. तर अर्ज कसा करावा आणि तिथे राहणं कितपत झेपेल?

चारही विषय एका इमारतीत आहेत हे खरं. पण "मला चारही आवडतात" असं लिहिलेला अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. नॉर्वेत पीएचडी म्हणजे प्रवेश नाही, नोकरी आहे. 'स्टिपेंडियाट' या पदाची जाहिरात निघते, तिच्यामागे ठरलेला प्रकल्प आणि ठरलेला पैसा असतो, आणि निवड समिती एवढंच बघते की या प्रकल्पाचा डेटा या माणसाला हाताळता येईल का. म्हणून विषय निवडण्याआधी डेटा निवडा. चौघांचा डेटा अगदी वेगवेगळा आहे.

रिमोट सेन्सिंग म्हणजे ट्रॉम्सोला प्रामुख्याने उपग्रहावरच्या रडारने समुद्री बर्फ बघणं. वर्षातले काही महिने अंधार, उरलेल्यात ढग, त्यामुळे ऑप्टिकल उपग्रहांचा उपयोग मर्यादित. कामाचा घोडा आहे सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार उपग्रह, सी-बँड, ५.४०५ गिगाहर्ट्झ. बर्फासाठी त्याचा 'एक्स्ट्रा वाइड' मोड वापरतात, पट्टा सुमारे ४०० किलोमीटर रुंद. अर्जाआधी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाच्या पोर्टलवरून असं एक दृश्य फुकट उतरवा आणि स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या क्रमाने न्या: अचूक कक्षेची फाइल लावणं, थर्मल नॉइज काढणं, कॅलिब्रेशन, मग स्पेकल (रडार-चित्रातला दाणेदारपणा) कमी करणं, आणि शेवटी नकाशावर बसवणं. समुद्रावर चढउतार नसल्याने टेरेन करेक्शनऐवजी एलिप्सॉइडवर बसवलं तरी चालतं. नॉइज काढण्याआधी कॅलिब्रेशन उरकलं तर पुढची सगळी आकडेमोड बिघडते.

खरी गंमत पुढे आहे. या मोडमध्ये आपाती कोन एका कडेला साधारण १९ अंश, तर दुसऱ्या कडेला ४७ च्या आसपास असतो. एकाच जातीचा बर्फ जवळच्या कडेला उजळ आणि लांबच्या कडेला काळपट दिसतो. एचएच ध्रुवीकरणात (लहर आडवी पाठवून आडवीच टिपणं) उजळपणाचा हा उतार बर्फासाठी दर अंशाला साधारण पाव डेसिबेल, म्हणजे पूर्ण पट्ट्यावर सहा-सात डेसिबेलचा फरक. उघड्या पाण्याचा उतार त्याच्या दुपटीहून जास्त, शिवाय वाऱ्यावर अवलंबून. सगळ्या दृश्याला एकच सरासरी दुरुस्ती लावली की एका जातीचं भलं होतं आणि दुसरीचं वाटोळं. म्हणून उतार प्रत्येक जातीचा वेगळा धरावा लागतो, आणि ट्रॉम्सोच्या गटाने नेमकं यावर काम प्रसिद्ध केलेलं आहे. एचव्ही चॅनेलमध्ये (आडवी पाठवून उभी टिपणं) सिग्नल मुळातच कमजोर असल्याने उप-पट्ट्यांच्या सीमांवर नॉइजच्या उभ्या रेघा उरतात. न्यूरल नेटवर्क त्या रेघा 'शिकतं' आणि त्यांनाच बर्फाची कड समजतं. अशा रेघा दाखवणारी एक आकृती आणि त्यावर तुम्ही काय केलंत याची चार वाक्यं अर्जाला जोडा. "मला डीप लर्निंग येतं" या वाक्यापेक्षा ती कितीतरी वजनदार ठरतात.

भारतातून येणारे बरेच जण निसार या इस्रो-नासाच्या रडार उपग्रहाचा डेटा आर्क्टिकच्या बर्फासाठी वापरू असं सुचवतात. निसार श्रीहरिकोट्याहून ३० जुलै २०२५ ला गेला, एल आणि एस असे दोन बँड, कल्पना आकर्षक आहे. पण हा उपग्रह एकाच बाजूला, डावीकडे बघतो. त्यामुळे अंटार्क्टिका त्याला छान दिसतो, मात्र उत्तरेला साधारण ७७ अंशांच्या वरचा भाग सुटतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाचा बहुतेक भाग त्यातच येतो. प्रस्तावात निसार घालायचाच असेल तर दक्षिणेकडचा प्रदेश निवडा. नाहीतर मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

स्पेस प्लाझ्माची गोष्ट निराळी. ट्रॉम्सोला ऑरोराची (ध्रुवीय प्रकाशाची) वेधशाळा १९२८ पासून आहे. शहरापासून जवळ रामफ्योर्डमूएनला आयस्कॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचे, वरच्या वातावरणाचा वेध घेणारे रडार आहेत, यूएचएफ सुमारे ९३० मेगाहर्ट्झवर आणि व्हीएचएफ २२४ वर. गाडीने दोनेक तासांवरच्या शीबोत्नला आयस्कॅट थ्रीडी उभा राहतोय: २३३ मेगाहर्ट्झ आणि सुमारे दहा हजार अँटेना, शिवाय स्वीडन आणि फिनलंडमध्ये फक्त ऐकणारी केंद्रं. त्याचं वेळापत्रक आधीच बरंच पुढे सरकलेलं आहे, त्यामुळे ज्या प्रबंधाचा कणाच 'नवा रडार सुरू झाल्यावर मिळणारा डेटा' असेल तो मी तरी घेणार नाही. पीएचडीची तीन वर्षं थांबत नाहीत.

आयस्कॅटसारखा इनकोहेरंट स्कॅटर रडार (इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला क्षीण प्रतिध्वनी टिपणारा) चार गोष्टी देतो: इलेक्ट्रॉन घनता, इलेक्ट्रॉन तापमान, आयन तापमान आणि रडारच्या रेषेतला आयनांचा वेग. पण हे थेट मोजमाप नव्हे, परतलेल्या सिग्नलच्या वर्णपटावर बसवलेलं गणित आहे. त्यात आयनांचं मिश्रण बहुधा मॉडेलमधून घेतलेलं असतं. २०० किलोमीटरच्या आसपास ऑक्सिजनचे आयन आणि रेणूंचे आयन मिसळलेले असतात. मिश्रण चुकीचं धरलं तर तापमान चुकतं, आणि तरीही फिट सुंदर दिसतो. जोराच्या विद्युतक्षेत्रात आयनांचा वेग मॅक्सवेलच्या वाटपाप्रमाणे राहत नाही, तिथे तर बसवण्याचं गृहीतकच कोसळतं. मध्येच एखादा उपग्रह किंवा अवकाशातला कचरा बीममधून गेला तर घनता एकदम उसळते. नवखे तिला ऑरोरा समजतात.

मुंबई किंवा पुण्याकडच्या विद्यार्थ्यांचा आयनोस्फिअरशी (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराशी) परिचय बहुधा विषुववृत्ताकडचा असतो. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत किंवा अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदींवर प्रकल्प केला असेल तर तो जरूर लिहा, पण फरक ओळखून लिहा. आपल्याकडे चुंबकीय रेषा आडव्या आणि सूर्यास्तानंतरचे प्लाझ्मा बबल (विरळ प्लाझ्माचे फुगे) महत्त्वाचे. इथे रेषा जवळजवळ उभ्या, वरून कण थेट खाली येतात आणि सबस्टॉर्म (ऑरोरा भडकवणारी चुंबकीय खळबळ) सुरू झाल्यावर चित्र काही मिनिटांत पालटतं. हा फरक दोन ओळींत मांडता आला तर समिती कान टवकारते. धूळमय प्लाझ्मावरही इथे काम चालतं. उन्हाळ्यात ८० ते ९० किलोमीटर उंचीवर बर्फाचे सूक्ष्म कण विद्युतभारित होतात आणि व्हीएचएफ रडारला जोरदार प्रतिध्वनी मिळतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्रयोगशाळेतला धूळमय प्लाझ्मा हाताळलेल्यांना ही वाट सोपी जाते.

क्लायमेटच्या बाजूला हवामानाचं मोठं मॉडेल चालवण्यापेक्षा कालमालिकांचं सांख्यिकी जास्त आहे: दीर्घ स्मृती, टिपिंग पॉइंट, धोक्याची पूर्वसूचना. पद्धत वाचायला सोपी: प्रचरण (व्हेरियन्स) वाढतंय का, लगतच्या मूल्यांचा सहसंबंध वाढतोय का, ते बघा. फसगत इथे होते की दीर्घ उपग्रह-मालिका अनेक उपकरणं जोडून बनवलेली असते. उदाहरणार्थ वनस्पतींचं प्रमाणही ज्यांतून काढतात ती मायक्रोवेव्ह उपकरणं: एएमएसआर-ई ऑक्टोबर २०११ मध्ये थांबला, एएमएसआर-२ मे २०१२ मध्ये अवकाशात गेला. उपकरण बदललं की नॉइज बदलतो, नॉइज बदलला की प्रचरण बदलतं, आणि ज्याला तुम्ही जंगलाची खालावती प्रकृती म्हणता ती निव्वळ सेन्सरची अदलाबदल निघते.

मशीन लर्निंगला वेगळा गट आहे, वैद्यकीय प्रतिमांपासून समुद्री डेटापर्यंत. तिथे स्पर्धा सर्वांत जास्त, कारण अर्ज संगणकशास्त्राकडूनही येतात. फिजिक्सवाल्याने तिथे लेबलांवर (कोणता पिक्सेल कोणत्या जातीचा याच्या नोंदींवर) आणि त्यांच्या वाटणीवर बोलावं. बर्फाच्या नकाशातले पिक्सेल यादृच्छिक पद्धतीने ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटले तर शेजारचे, जवळपास सारखेच पिक्सेल दोन्हीकडे जातात आणि अचूकता फुगते. दृश्यानुसार, शक्यतो ऋतूनुसार वाटणी करा. आकडा खाली येईल, पण तोच खरा आकडा.

आता अर्ज. जाहिराती जॉबनॉर्गे या संकेतस्थळावर निघतात. लागतं ते असं: अर्जाचं पत्र, सीव्ही, दोन्ही पदव्यांची प्रमाणपत्रं आणि ट्रान्सक्रिप्ट, ग्रेड पद्धतीचा खुलासा, एम.एस्सी.चा प्रबंध, संदर्भ देणाऱ्यांचे पत्ते, काही वेळा लहानसा प्रस्ताव. आपल्याकडची अडचण बहुधा प्रबंधात असते. मास्टरमध्ये किमान ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), म्हणजे साधारण पूर्ण एका सत्राएवढं स्वतंत्र काम हवं, अशी अट जाहिरातींत नेहमी दिसते. चौथ्या सेमिस्टरला बाकी पेपरांसोबत उरकलेला चार क्रेडिटचा प्रोजेक्ट त्यात बसत नाही. तसं असेल तर आधी एक वर्ष एखाद्या संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढा. पुण्याची आयआयटीएम ही हवामानाची संस्था आहे, गोव्यात वास्कोला एनसीपीओआर हे ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. आर्क्टिकमध्ये न्यू-ऑलेसुंदला भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून चालवलं जातं ते याच एनसीपीओआरकडून, त्यामुळे तिथलं काम इथे समजावून सांगावं लागत नाही. मात्र अर्जाआधी जाहिरातीत दिलेल्या प्राध्यापकांना मेल करून तुमची पदवी अटीत बसते का ते विचारून घ्या. मेल लहान हवा: जाहिरातीचा क्रमांक, प्रबंधाचा विषय, एक नेमका प्रश्न. 'रिस्पेक्टेड सर' आणि तीन परिच्छेदांची स्तुती इथे उलटी पडते. लोक एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात.

ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात आत्ताच अर्ज टाका. जाहिरातीची मुदत आणि विद्यापीठाच्या खिडकीवरची रांग यांचा मेळ कधीच बसत नाही. अर्जदारांची यादी सार्वजनिक होऊ शकते हेही ध्यानात घ्या. सध्याच्या नोकरीत कळू द्यायचं नसेल तर अर्जातच तशी विनंती करण्याची सोय असते. रडार, उपग्रह यांसारख्या विषयांत निर्यात-नियंत्रणाच्या नियमांखाली उमेदवाराची छाननी होते. तिला वेळ लागतो, म्हणून निवड झाल्याचा मेल आला की लगेच राजीनामा देऊ नका. करार हातात येऊ द्या.

करार तीन वर्षांचा, किंवा चार वर्षांचा आणि त्यात पाव वेळ शिकवणं. चार वर्षांचा मिळाला तर घ्या, वेळ बराच सैल पडतो. फी नाही. २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टरसाठी भरमसाट फी लागली आहे, पण पीएचडीवाला कर्मचारी असल्याने त्याला ती लागत नाही. पगार अलीकडे वर्षाला सुमारे साडेपाच लाख क्रोनर. पहिल्या वर्षी सरसकट २५ टक्के कराची योजना घेतली आणि २ टक्के पेन्शन गेली तर हातात महिन्याला तेहेतीस-चौतीस हजार. त्याला रुपयांनी गुणून खूश होऊ नका. दहा हजारांखाली स्वतंत्र घर मिळणं कठीण, वर बहुतेक घरमालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतात. ते तुमच्याच नावाच्या वेगळ्या डिपॉझिट खात्यात गेलं पाहिजे, तसा कायदा आहे. मालकाच्या खात्यात थेट भरायला सांगितलं तर ते घर सोडा. वीज मात्र उत्तरेत दक्षिणेपेक्षा स्वस्त, आणि घरगुती विजेवर इथे व्हॅटही नाही.

आल्यावर एकात एक अडकलेली कागदपत्रं सुरू होतात. सात दिवसांत पोलिसांकडे नोंद, मग निवासाचं कार्ड, मग कर कार्यालयात ओळख पटवून अकरा आकडी क्रमांक, मग बँक खाते, मग बँकआयडी, म्हणजे बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख. या शेवटच्याशिवाय भाड्याचा ऑनलाइन करार, डॉक्टर, फोनचं कनेक्शन, सगळं अडतं. सरकारी पगार १२ तारखेला होतो. महिना सुरू झाल्यावर रुजू झालात तर पहिला पगार बहुधा पुढच्या महिन्याच्या १२ लाच, आणि तोवर खाते उघडलेलं नसेल तर आणखी घोळ. डिपॉझिट सोडून दोन महिन्यांचा खर्च सोबत ठेवा, भारतीय बँकेच्या आंतरराष्ट्रीय कार्डावर. आणि घर मिळालं त्याच दिवशी टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, ते परत जातं, आणि निवासाचं कार्ड टपालानेच येतं.

थंडीची धास्ती नको. उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीतही तापमान बहुधा उणे चार-पाचच्या आसपास असतं. त्रास देतो तो काळोख, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. त्याहून जास्त त्रास देतो तो घसरडा बर्फ: दिवसा वितळतो, रात्री काच होतो. लाखाचं जॅकेट पुण्याहून आणू नका. इथे आल्यावर बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, 'ब्रॉडर', पहिल्याच आठवड्यात घ्या, दप्तराला रिफ्लेक्टर लावा आणि ड जीवनसत्त्व ऑक्टोबरपासून सुरू करा. जोडीदाराला सोबत आणायचं असेल तर कुटुंब-परवान्यावर त्यांना काम करता येतं, मात्र विद्यापीठाबाहेरच्या बहुतेक नोकऱ्यांना नॉर्वेजियन लागतं. त्यांचा भाषेचा वर्ग तुमच्या पहिल्या पेपरपेक्षा निकडीचा समजा.

पुढची जाहिरात निघायच्या आत ते सेंटिनेलचं एक दृश्य उतरवून घ्या. कोनाचा आलेख काढा, कोड गिटहबवर टाका, आणि उतार किती आला ते या उत्तराखाली लिहा. आकडा पाव डेसिबेलपासून फार लांब आला तर आधी कॅलिब्रेशनची पायरी तपासा, मग बर्फाची.