प्रेरणा नव्हे, उमेद

फुलेवाडीच्या एका वाचकांनी विचारलंय: नैराश्यावरच्या लेखात 'दाहामुळे प्रेरणा घटते' असं वाचलं, इन्फ्लमेशनला 'दाह' म्हणावं की 'सूज'?

दाह चालेल. मूळ लॅटिन शब्दातही आगच आहे. फक्त पित्ताची जळजळ समजू नका. हा दाह रक्तात असतो, बाहेर दिसत नाही. नैराश्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर सापडतं.

माझं डोकं फिरतं ते त्या 'प्रेरणे'नं. जो तो म्हणतो, 'जिमला जायची प्रेरणाच नाही.' अहो, प्रेरणा म्हणजे ढकलणं, ती बाहेरून येते! 'अंतःप्रेरणा' म्हणायला 'अंतः' वेगळं जोडावं लागतं, यातच आलं सगळं. आतून उठवते ती उमेद. फारसीत उमेद म्हणजे नुसती आशा. उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला (निकालापर्यंत तो बसतोही तसाच). मराठीनं त्या आशेला हातपाय दिले. वस्ताद 'पोरगं उमेदीत आहे' म्हणतात, ते पोरगं पहाटे चारला आखाड्याची माती उकरायला उठतं म्हणून.

आणि मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन नेमकं हेच करतं: पुढं काही मिळेल ही आशा, आणि त्यासाठी उठायचं बळ, दोन्ही त्याच्याच खात्यात. डोपामिन बनायला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचं मदतनीस रसायन लागतं. दाहात तेच कमी पडतं, असं संशोधक मानतात. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी इंटरफेरॉन-अल्फा हे दाह चेतवणारं औषध घेणाऱ्या कित्येकांना अशीच मरगळ आली. गेल्या पावसाळ्यात तापात मी चार दिवस पडून होतो. उशाशी लाडका कोश, पण पान उलटायला हात उचलेना. कंटाळा नव्हता, दुःखही नव्हतं. नाउमेद होतो.

'परका शब्द' म्हणून नाक मुरडणाऱ्यांची परंपरा आमच्या कोल्हापुरातही मोठी. राजाराम कॉलेजात शिकवणारे कवी माधव जूलियन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढं स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले! त्यांच्या छंदशास्त्रापुढं हात जोडतो, या मुद्द्यावर मुळीच नाही. 'उमेद' काढून तिथं 'आशा' घाला, पैलवान पहाटे झोपूनच राहील.

हां, सूज. घोट्याला आली तर खुशाल सूज म्हणा.