सेल्फ मारून मारून गाडी घेत नाही? इंजेक्टर काढायच्या आधी हे बघा

पाऊस लागला की डिझेल गाडी सुरू होत नाही याचेच प्रश्न जास्त येतात, आणि बहुतेकांना गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळालेलं असतं, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले. इंजेक्टर जातात, नाही असं नाही, पण ते सगळ्यात महाग काम आहे म्हणून तपासणीत ते सगळ्यात शेवटी यायला पाहिजे.

प्रश्न (साखळी): बीएस ४ टिपर, कॉमन रेल, सहा सिलिंडर. रात्री उभी केली की सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, एकदा घेतली की दिवसभर हाफ सेल्फला घेते. फिटर म्हणतो सहाही इंजेक्टर बदला. बदलू का?

इतक्यात नको. (कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, हाय प्रेशरचं डिझेल मिळतं ती पद्धत.) इंजेक्टर आतून झिजले की त्रास जास्त करून गरम इंजिनला दिसतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं आणि जास्त गळतं. तुमचा त्रास फक्त सकाळी आहे, म्हणजे माझा पहिला संशय असा की रात्रभरात लाईनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतंय आणि त्याच्या जागी हवा येतेय. उद्या सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी फिल्टरवरचा हॅण्ड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबा आणि मग चावी फिरवा, पटकन घेतली तर दोष टाकी ते पंप या लाईनमध्येच आहे, इंजेक्टरमध्ये नाही.

ही गळती डोळ्याला दिसत नाही बरं का. इंजिन चालू असताना त्या पाईपमध्ये ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं. वॉटर सेपरेटरची (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची) रबरी रिंग, पाईप जोडणाऱ्या पोकळ बेंजो बोल्टचे वॉशर, क्लॅम्पखाली चिरलेला रबर पाईप आणि डिझेल मागे जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व, एवढं बघा. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाईप लावला की बुडबुडे दिसतात. तरी सापडलं नाही तर स्वच्छ कॅनमधून थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला) डिझेल द्या, त्यावर नीट चालली तर टाकीकडचा पाईप दोषी.

आणि हे करता करता बॅटरीसुद्धा बघून घ्या. सेल्फ मारताना २४ व्होल्टच्या गाडीत मीटर १८-१९च्या खाली जात असेल तर इंजिन हळू फिरतं, रेलमध्ये प्रेशर बनत नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. बऱ्याच इंजिनांना सुरू व्हायला रेलमध्ये २०० ते ३०० बार तरी लागतं. आपल्या गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत चेसिसची अर्थिंग पट्टी आतून हिरवी पडते, बॅटरी नवी घालूनसुद्धा फरक पडत नाही तो यामुळे. पट्टी सोडून पॉलिश पेपर मारा.

प्रश्न (म्हापसा): चोर्ला घाट चढून वर चहाला थांबलो की गाडी परत घेत नाही, अर्धा तास थंड झाली की घेते. धूर अजिबात येत नाही.

इथे मात्र इंजेक्टरवर संशय घ्यायला जागा आहे. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, धूरच नाही तर डिझेल आत जातच नाही. स्कॅनर (ईसीयू वाचायचं यंत्र) लावून गरम इंजिनवर सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा. प्रेशर चढत नसेल तर रिटर्न टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाईप वेगळ्या बाटलीत सोडायचा आणि कुठल्या बाटलीत जास्त भरतं ते बघायचं. एकच बाटली भरली तर एकच इंजेक्टर काढा, सहा नाही. सगळ्या सारख्या आणि कमी भरल्या तर हाय प्रेशर पंप किंवा रेलचा प्रेशर व्हॉल्व बघायला हवा. स्कॅनरवर सेल्फ मारतानाचे आरपीएम शून्य दिसले तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणारा), तो गरम झाला की बंद पडतो आणि थंड झाला की परत चालतो, अगदी तुमच्यासारखीच लक्षणं.

प्रश्न (उसगाव): खाण बंद पडली तेव्हापासून वडिलांचा जुना टिपर घराकडे उभा आहे, मेकॅनिकल पंपवाला. आता चालू करायचाय, बॅटरी घालून सेल्फ मारू?

नाही, कृपा करून तसाच सेल्फ मारू नका. २०१२ला खाणी थांबल्या आणि २०१८ला परत थांबल्या, तेव्हापासून असे ट्रक आपल्या भागात किती उभे आहेत ते तुम्ही बघताच. टाकीत पाणी साठलेलं असतं, पाणी आणि डिझेलच्या मध्ये बुळबुळीत घाण वाढते, आणि ते सगळं पहिल्याच सेल्फला पंपात जाऊन बसतं. टाकी उतरवून धुवा, जुनं डिझेल टाका, दोन्ही फिल्टर नवे. नोझल (जुन्या इंजिनातले इंजेक्टर) काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा आणि इंजिन हाताने फिरवून बघा, रिंगा चिकटल्या असतील तर इथेच कळेल. नोझल बाहेर आहेतच तर पंप-नोझलवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या, प्रेशरला बारीक फवारा पडायला हवा, थेंब नको. त्या फवाऱ्यापुढे बोट धरू नका, डिझेल कातडीतून आत घुसतं आणि तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंपाचा रॅक, डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा दांडा. इतकी वर्षं उभा राहून तो फुल डिझेलवर अडकलेला असला तर इंजिन सुरू होताच रेस पकडतं आणि थांबत नाही. स्टॉपचा लिव्हर हलका फिरतो का बघा, आणि पहिल्या स्टार्टला एक माणूस एअर इनटेकजवळ जाड फळी घेऊन उभा ठेवा, तोंड झाकलं की इंजिन मरतं. लाईनमधली एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, मग नोझलकडचे डिलिव्हरी पाईपचे नट सैल करून. हे शेवटचं फक्त जुन्या पंपालाच, कॉमन रेलचा नट सेल्फ मारताना कधीच सैल करायचा नाही.

प्रश्न (कुडचडे): स्टार्टिंग स्प्रे मारला की लगेच घेते. रोज मारला तर चालेल?

नाही. इनटेक हीटर किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापणारे) असेल तर स्प्रे तिथेच भडकतो, आणि रोजच्या ठोक्याने पिस्टन-रिंगा जातात. स्प्रेवर घेते म्हणजे बहुतेक डिझेल पोचत नसावं, साखळीवाल्यांचं उत्तर वाचून लाईन तपासा.

प्रश्न (फोंडा): चार इंजेक्टर नवे घातले तरी आयडलला थरथरते, ठोके येतात आणि फुस फुस आवाज येतो.

फुस फुस म्हणजे इंजेक्टरखालच्या कॉपर वॉशरमधून कॉम्प्रेशन बाहेर येतंय, तिथे काळं डांबरासारखं जमलेलं दिसेल. वॉशर दर वेळी नवा, खालची बैठक साफ, आणि टॉर्क कंपनीने दिलेला तोच. थरथर राहिली तर इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत टाकलाय का विचारा, बऱ्याच कॉमन रेल गाड्यांना तो लागतो आणि नेमका तोच राहून जातो. आणि आजच ऑईलची पट्टी काढून बघा, लेव्हल वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर गाडी उभी करा, ऑईल पातळ होऊन बेअरिंग जाईल. डिझेल ऑईलमध्ये इंजेक्टरमधून उतरतंय की पंपाच्या सीलमधून हे कळेपर्यंत लोड भरू नका.